कर्नलच्या ट्रेसिंग कोडमधल्या कॉन्फिग-चुका: शोधायच्या कशा आणि दुरुस्त कुठे करायच्या

तुमच्या मशीनवर कर्नल बिनबोभाट बांधला जातो, बूट होतो, ट्रेसरही चालतो. तोच पॅच दुसरीकडे लिंकरपाशी अडकतो आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून बिल्ड थांबतो. कोड तोच, कंपायलरही बहुतेक तोच. फरक असतो .कॉन्फिग फाइलमधल्या एखाद्या ओळीचा.

लिनक्सच्या ट्रेसिंग कोडमध्ये हे फार घडतं, आणि त्याला कारण आहे. एफट्रेस (कर्नलच्या आत काय चाललंय ते नोंदवणारी ट्रेसिंगची मुख्य चौकट) २००८ साली २.६.२७ या आवृत्तीत कर्नलमध्ये आला. आज शेड्युलर, इंटरप्ट, मेमरी, ड्रायव्हर अशा सगळ्या भागांतून ट्रेसिंगची फंक्शनं बोलावली जातात. ट्रेसिंग बंद केलं की ही सगळी बोलावणी मागमूस न ठेवता नाहीशी व्हायला हवीत, आणि अर्धवट चालू असेल तर बरोबर अर्धीच उरायला हवीत. त्यात प्रत्येक प्रोसेसर-कुटुंब आपापल्या परीने ‘हॅव्ह_’ने सुरू होणारी चिन्हं (म्हणजे कॉन्फिगमधल्या पर्यायांची नावं) पुरवतं. एवढ्या जोड्या कुणीही हाताने तपासू शकत नाही.

एक गोष्ट आधी पक्की करा. कंपायलर ज्या ओळीवर बोट ठेवतो तिथे चूक दिसते, पण घडलेली असते दुसरीकडे: वापरणाऱ्या कोडची अट आणि पुरवणाऱ्या कोडची अट जुळत नाही. म्हणून त्या ओळीभोवती #इफडेफ ठोकून मोकळं होऊ नका. त्याने आजचा संदेश जातो, पण पुढच्या वापरणाऱ्यासाठी खड्डा तसाच राहतो.

(इथे चिन्हं आणि आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाका. केकॉन्फिगमधली (म्हणजे कर्नलचे पर्याय आणि त्यांची अवलंबित्वं ठरवणाऱ्या व्यवस्थेतली) चिन्हं कॅपिटलमध्ये असतात. सी कोडमध्ये आणि .कॉन्फिगमध्ये त्यांच्या आधी ‘कॉन्फिग_’ लागतं, केकॉन्फिग फाइलमध्ये लागत नाही.)

मोडणारी कॉन्फिग आधी हातात घ्या

बिल्ड मोडल्याचं कळवणाऱ्याकडून तीन गोष्टी हव्यातच: पूर्ण .कॉन्फिग, आर्किटेक्चर, आणि कंपायलरची आवृत्ती. कर्नल टेस्ट रोबोटच्या (पॅच आपोआप बांधून तपासणाऱ्या सेवेच्या) अहवालात या तिन्ही असतात, शिवाय चूक पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्याही असतात. त्या जशाच्या तशा वापरा. ‘माझ्या कॉन्फिगमध्ये तेवढं एक चिन्ह बदलून बघतो’ असं केलंत की चूक घडेलच याची खात्री उरत नाही.

बिल्ड नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये करा:

मेक ओ=../बिल्ड-मोड ओल्डडेफकॉन्फिग
मेक ओ=../बिल्ड-मोड -के -जे८ 2>&1 | टी बिल्ड.लॉग

-के दिल्यावर पहिल्या चुकीपाशी न थांबता मेक पुढे जातो आणि एकाच मुळातून उगवलेल्या पाच चुका एकदम समोर येतात. सोर्स फोल्डरमध्ये आधी बिल्ड केलेला असेल तर ओ= वापरताना ‘सोर्स ट्री स्वच्छ नाही, मेक एमआरप्रॉपर चालवा’ असा संदेश येतो. एमआरप्रॉपर .कॉन्फिगसुद्धा पुसून टाकतो, म्हणून ती फाइल आधी बाजूला ठेवा.

ओल्डडेफकॉन्फिगनंतर (तो .कॉन्फिगमध्ये न ठरवलेल्या पर्यायांना डीफॉल्ट किंमत देतो) लगेच तपासा, की अहवालातली महत्त्वाची चिन्हं तशीच राहिली आहेत का. स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग हे छोटं साधन दोन .कॉन्फिगमधला फरक नेमका दाखवतं.

.कॉन्फिग वाचताना ‘# कॉन्फिग_अमुक इज नॉट सेट’ ही ओळ असणं आणि चिन्हाचा मुळीच उल्लेख नसणं यांत गल्लत करू नका. पहिल्यात पर्याय उपलब्ध होता, पण बंद राहिला. दुसऱ्यात बहुधा त्याची ‘डिपेन्ड्स ऑन’ अट पुरी झाली नाही, म्हणून तो समोर आलाच नाही. दुसऱ्या प्रकारचं चिन्ह नुसती ओळ लिहून चालू होत नाही, ओल्डडेफकॉन्फिग ती ओळ काढून टाकतो.

उलटंही घडतं. सिससीटीएल बंद करून बघायचं म्हणून स्क्रिप्ट्स/कॉन्फिगला -डी सिससीटीएल दिलंत, ओल्डडेफकॉन्फिग चालवलंत, तर ते पुन्हा वाय (म्हणजे चालू; एन म्हणजे बंद) होऊन येतं. कारण सिससीटीएल लपलेलं चिन्ह आहे, प्रॉक_सिससीटीएल त्याला सिलेक्ट करतं, म्हणजे आपल्याबरोबर सक्तीने चालू ठेवतं. आणि प्रॉक_सिससीटीएल बंद करायचा पर्याय एक्स्पर्ट हे चिन्ह चालू असतानाच दिसतो. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग फक्त फाइल संपादित करतो, अवलंबित्व बघत नाही. एखादं चिन्ह हटत नसेल तर मेन्यूकॉन्फिगमध्ये / दाबून त्याचं नाव शोधा. तिथे ‘सिलेक्टेड बाय’खाली कोण त्याला धरून आहे ते दिसतं.

संदेश कोणत्या टप्प्यावर आला?

यावर निम्मं निदान होतं.

केकॉन्फिगच्या टप्प्यावर दोनच संदेश महत्त्वाचे: ‘अनमेट डायरेक्ट डिपेन्डन्सीज डिटेक्टेड’ आणि ‘रिकर्सिव्ह डिपेन्डन्सी डिटेक्टेड’. पहिला नुसता इशारा असतो, बिल्ड पुढे चालूच राहतो. म्हणून लॉगची सुरुवात वाचायची सवय ठेवा. शेवटची चूक लिंकरची असली तरी पहिला इशारा चारशे ओळी वर केकॉन्फिगने दिलेला असू शकतो.

कंपायलरच्या टप्प्यावर ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’ आलं तर हेडर घेतलेलाच नाही, किंवा हेडरमध्ये त्या अटीसाठी #एल्स नाही. स्ट्रक्टमध्ये अमुक मेंबर नाही असं आलं तर तो मेंबर एखाद्या #इफडेफमध्ये आहे आणि वापर बाहेर. ‘डिफाइन्ड बट नॉट यूज्ड’ आलं तर बोलावणारा गेला, फंक्शन मागे राहिलं.

लिंकरचं ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे डिक्लरेशन दिसलं, पण ती .ओ फाइल बांधलीच गेली नाही. ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणजे बहुतेक वेळा हेडरमधल्या रिकाम्या फंक्शनला ‘स्टॅटिक इनलाइन’ लावायचं राहिलं.

मॉडपोस्टच्या टप्प्यावर (मॉड्यूलांना लागणारी नावं इथे तपासली जातात) ‘...केओ अनडिफाइन्ड’ आलं तर फंक्शन कर्नलमध्ये आहे, पण मॉड्यूलसाठी एक्स्पोर्ट केलेलं नाही.

फंक्शन कोणत्या अटीखाली आहे हे नजरेने शोधू नका, प्रीप्रोसेसरला विचारा. मेक ओ=../बिल्ड-मोड कर्नल/ट्रेस/एफट्रेस.आय अशी आज्ञा दिली की सगळे #इफडेफ सुटलेली फाइल मिळते. त्यात फंक्शनचं नाव शोधा: खरं डिक्लरेशन आलंय, रिकामा स्टब (चिन्ह बंद असतानाचं रिकामं फंक्शन) आलाय, की काहीच नाही? उत्तर दहा सेकंदांत मिळतं आणि तासभराचे तर्क वाचतात.

एफट्रेस, ट्रेसिंग, जेनेरिक_ट्रेसर: तीन वेगळी चिन्हं

या भागात सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट हीच, म्हणून इथे सावकाश वाचा.

कर्नल/ट्रेस/केकॉन्फिगमध्ये एफट्रेस हे चिन्ह ‘मेन्यूकॉन्फिग’ आहे. म्हणजे ते फक्त ट्रेसर्सचा मेन्यू उघडतं. ते वाय असलं तरी खाली एकही ट्रेसर निवडलेला नसू शकतो, आणि तेव्हा ट्रेसिंगचा मूळ कोड बांधलाच जात नाही. ट्रेस.सी ही फाइल मेकफाइलमध्ये ट्रेसिंग या चिन्हावर टांगलेली आहे. ट्रेसिंग लपलेलं आहे, ते हाताने चालू करता येत नाही, ट्रेसर्स त्याला सिलेक्ट करतात. ते स्वतः पुढे रिंग_बफर, ट्रेसपॉइंट्स, नॉप_ट्रेसर, इव्हेंट_ट्रेसिंग, ट्रेस_क्लॉक वगैरेंना ओढून आणतं.

मग जेनेरिक_ट्रेसर कशाला? केकॉन्फिगमधल्या टिपणीतच कारण दिलंय. सगळ्या ट्रेसर्सनी जेनेरिक_ट्रेसर सिलेक्ट करायचं. संदर्भबदल (कॉन्टेक्स्ट स्विच) आणि इव्हेंट हे दोन ट्रेसर मात्र बाकीच्या कोणत्याही ट्रेसरबरोबर आपोआप चालू होतात, म्हणून त्या दोघांनी थेट ट्रेसिंग सिलेक्ट करायचं. दुसरा कोणताच ट्रेसर नसेल तरच त्यांचा पर्याय मेन्यूत दिसावा, आणि हे करताना अवलंबित्वाचं वर्तुळ तयार होऊ नये, म्हणून दोन चिन्हं. एनेबल_डीफॉल्ट_ट्रेसर्स हा पर्याय ‘!जेनेरिक_ट्रेसर’वर अवलंबून आहे तो यामुळेच.

सी कोडसाठी याचा सरळ अर्थ असा:

‘#इफडेफ कॉन्फिग_एफट्रेस’ लिहिलेलं दिसलं की थांबा. लिहिणाऱ्याला बहुतेक कॉन्फिग_ट्रेसिंग किंवा कॉन्फिग_फंक्शन_ट्रेसर म्हणायचं होतं. ट्रेस.सीमधलं फंक्शन हवं असेल तर ट्रेसिंग. एफट्रेस_ऑप्स नोंदवायचे असतील तर फंक्शन_ट्रेसर. नेमक्या फंक्शनवर फिल्टर लावायचा असेल तर डायनॅमिक_एफट्रेस. ट्रेस_इव्हेंट_कॉलसारखं काही हवं असेल तर इव्हेंट_ट्रेसिंग. आणि नवा ट्रेसर लिहिताना केकॉन्फिगमध्ये ‘सिलेक्ट ट्रेसिंग’ लिहिलंत तर ते चालल्यासारखं दिसतं, पण जेनेरिक_ट्रेसर एनच राहतं आणि त्याच्यावर टांगलेलं काहीही बांधलं जात नाही.

‘कॉन्फिग_’ विसरणं हीदेखील नेहमीची चूक. ‘#इफडेफ फंक्शन_ट्रेसर’ कधीच खरं होत नाही, कंपायलरही अवाक्षर काढत नाही, आणि कोड वर्षानुवर्षं मेलेला राहतो. स्क्रिप्ट्स/चेककेकॉन्फिगसिम्बल्स.पीवाय चालवला की अस्तित्वात नसलेल्या चिन्हांचे उल्लेख सापडतात. उपसर्गच विसरला असेल तर मात्र तो पकडत नाही, तिथे हाताने ग्रेप करा.

दोन अटी कागदावर लिहा

बोलावणाऱ्याची अट ‘अ’, पुरवणाऱ्याची अट ‘ब’. अ खरी आणि ब खोटी अशी एक जरी कॉन्फिग शक्य असेल तर चूक आहे. बाकी तीन जोड्यांत नाव न सापडण्याची चूक येत नाही.

अट काढताना #इफडेफवर थांबू नका. त्या फाइलची मेकफाइलमधली ‘ओबीजे-$(...)’ ओळ, वरच्या फोल्डरची ओळ, केकॉन्फिगमधले ‘डिपेन्ड्स ऑन’ आणि भोवतीचा ‘इफ ... एन्डइफ’ हे सगळं मिळून एक अट होते. उदाहरणार्थ, बीपीएफ_ट्रेस.सी बीपीएफ_इव्हेंट्सवर बांधली जाते. बीपीएफ_इव्हेंट्सला बीपीएफ_सिसकॉल, पर्फ_इव्हेंट्स, आणि केप्रोब_इव्हेंट्स किंवा यूप्रोब_इव्हेंट्स यांतलं किमान एक लागतं. शेवटच्या ‘किंवा’मध्येच सापळा आहे. त्या फाइलमधून केप्रोबचं फंक्शन बोलावलं आणि कुणाकडे फक्त यूप्रोब चालू असला, की बिल्ड मोडला. म्हणून तिथलं केप्रोबचं प्रत्येक बोलावणं स्टबच्या आधारावरच उभं असायला हवं.

अटी लिहून झाल्या की दुरुस्तीच्या जागा तीनच उरतात: ‘अ’ला केकॉन्फिगमध्ये घट्ट करायचं, ‘ब’ नसताना हेडरमध्ये स्टब द्यायचा, किंवा फंक्शन अशा फाइलमध्ये हलवायचं जी दोन्ही वेळी बांधली जाते.

सिलेक्टने होणारा घोटाळा

समजा तुमच्या नव्या ट्रेसरला ट्रेसिंग_मॅप लागतो. केकॉन्फिगमध्ये तुम्ही ‘सिलेक्ट ट्रेसिंग_मॅप’ लिहिलंत. एक्स८६वर सगळं ठीक. एआरएमच्या व्ही५ प्रोसेसरसाठी बांधायला घेतलं की सुरुवातीलाच इशारा येतो:

अनमेट डायरेक्ट डिपेन्डन्सीज डिटेक्टेड फॉर ट्रेसिंग_मॅप

त्याच्याखाली ‘डिपेन्ड्स ऑन [एन]’ आणि ‘सिलेक्टेड बाय [वाय]’ अशा दोन ओळी असतात, आणि उत्तर तिथेच लिहिलेलं असतं. ट्रेसिंग_मॅपला आर्क_हॅव्ह_एनएमआय_सेफ_सीएमपीएक्सचेंज हवं असतं. एआरएमवर ते व्ही६के, व्ही७ अशा नव्या कोअरनाच मिळतं. पण सिलेक्ट समोरच्या चिन्हाच्या अटी बघत नाही, जबरदस्तीने वाय करून टाकतो. बिल्ड कदाचित पूर्णही होईल. धोका पुढे आहे: एनएमआयमध्ये (थोपवता न येणाऱ्या इंटरप्टमध्ये) सुरक्षित नसलेल्या मशीनवर तो मॅप चालायला लागेल, आणि तेव्हाचा बिघाड शोधणं महाकठीण.

दुरुस्ती अशी: ज्याला सिलेक्ट करताय त्याच्या सगळ्या ‘डिपेन्ड्स ऑन’ अटी स्वतःच्या चिन्हावर उतरवून घ्या. हिस्ट_ट्रिगर्स नेमकं हेच करतं. ते ट्रेसिंग_मॅप सिलेक्ट करतं आणि स्वतः त्याच आर्किटेक्चर-चिन्हावर अवलंबून राहतं. तुमच्या ट्रेसरलाही ‘डिपेन्ड्स ऑन आर्क_हॅव्ह_एनएमआय_सेफ_सीएमपीएक्सचेंज’ ही एक ओळ लागते.

सिलेक्ट फक्त लपलेल्या, कुणावर अवलंबून नसलेल्या चिन्हांसाठी ठेवा. मेन्यूत दिसणाऱ्या पर्यायासाठी ‘डिपेन्ड्स ऑन’ वापरा. एकाच चिन्हाला काही जण सिलेक्ट करतात आणि काही जण त्यावर ‘डिपेन्ड्स ऑन’ ठेवतात, तेव्हा बहुतेक वेळा ‘रिकर्सिव्ह डिपेन्डन्सी’चं वर्तुळ तयार होतं. त्या संदेशात साखळीतली सगळी नावं दिलेली असतात. त्यातला सर्वांत अनावश्यक सिलेक्ट शोधून त्याचा डिपेन्ड्स करा.

हेडरमधले स्टब

स्टब म्हणजे चिन्ह बंद असताना त्या नावाने उभं राहणारं रिकामं फंक्शन. नेहमीचा नियम: #एल्समध्ये ‘स्टॅटिक इनलाइन’, तीच आर्ग्युमेंट्स, तोच परतीचा प्रकार. नुसतं ‘स्टॅटिक’ लिहिलं तर हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये इशारा येतो. दोन्ही विसरलं तर मल्टिपल डेफिनिशन.

पण एफट्रेस.एचमध्ये एक अपवाद आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. फंक्शन_ट्रेसर बंद असताना रजिस्टर_एफट्रेस_फंक्शन हा मॅक्रो होतो, आणि मॅक्रोच का ते शेजारच्या टिपणीत दिलंय: ऑप्स हे आर्ग्युमेंट मोजलंच जाऊ नये म्हणून. ट्रेसिंग बंद असताना बोलावणाऱ्याकडे तो एफट्रेस_ऑप्स व्हेरिएबल अस्तित्वातच नसू शकतो. इनलाइन फंक्शनला त्याचा पत्ता द्यावा लागला असता आणि कंपाइल मोडलं असतं. कुणी ‘सफाई’ म्हणून त्या मॅक्रोचं इनलाइन फंक्शन करायला निघालं तर त्याला ही टिपणी दाखवा.

स्टबने काय परत द्यायचं हाही विचार करा. रजिस्टर_एफट्रेस_फंक्शनचा स्टब ० देतो. एफट्रेस_सेट_फिल्टरचा स्टब उणे ईनोडेव्ह देतो. ट्रेसपॉइंट्स बंद असताना रजिस्टर_ट्रेस_अमुक उणे ईनोसिस देतं. ज्याच्या अपयशावर पुढचं काम अवलंबून आहे त्याने ० दिलं, तर बोलावणारा फिल्टर लागलाय असं समजून पुढे जाईल. बिल्ड सुधारला, पण वागणूक बिघडली.

सी फाइलमध्ये #इफडेफऐवजी इज_एनेबल्ड() वापरता आलं तर जरूर वापरा. दोन्ही फांद्या कंपाइल होतात, त्यामुळे बंद फांदीतली चूकही लगेच दिसते, आणि मेलेली फांदी ऑप्टिमायझर काढून टाकतो. मात्र त्या फांदीत वापरलेला स्ट्रक्टचा मेंबर #इफडेफमध्ये असेल तर हे चालत नाही, तो मेंबर कंपायलरला दिसायलाच हवा. आणि चिन्ह ट्रायस्टेट (वाय, एन किंवा मॉड्यूलसाठी एम) असेल तर नुसता #इफडेफ चुकतोच: =एम असताना ‘कॉन्फिग_अमुक’ नव्हे तर ‘कॉन्फिग_अमुक_मॉड्यूल’ डिफाइन होतं. अंगभूत कोडमधून मॉड्यूलमधलं फंक्शन बोलावलं जाण्याची शक्यता असेल तर इज_रीचेबल().

बोलावणारा गेला, फंक्शन उरलं

याचं बोलकं उदाहरण एफट्रेस.सीमध्येच घडलं. एफट्रेस चालू-बंद करणारं सिससीटीएलचं फंक्शन आधी ग्लोबल होतं आणि त्याची नोंद कर्नल/सिससीटीएल.सीमधल्या मोठ्या तक्त्यात होती. ५.१९च्या सुमारास ती नोंद एफट्रेस.सीमध्ये आणली गेली. फंक्शन स्टॅटिक झालं आणि सिससीटीएलच्या #इफडेफमध्ये गेलं. त्याच्या वर इज_पर्मनंट_ऑप्स_रजिस्टर्ड नावाचं एक छोटं स्टॅटिक फंक्शन होतं, ज्याला फक्त तेच बोलावत होतं. ते #इफडेफच्या बाहेर राहिलं. सिससीटीएल बंद असलेल्या कॉन्फिगमध्ये ‘डिफाइन्ड बट नॉट यूज्ड’.

योग्य दुरुस्ती: ते फंक्शन उचलून त्याच #इफडेफमध्ये ठेवणं. ‘__मेबी_अनयूज्ड’ लावूनही संदेश जातो, पण मग ते फंक्शन उद्या खरोखरच निरुपयोगी झालं तरी कुणालाच कळणार नाही. बोलावणारे दोन-तीन असतील आणि प्रत्येकाची अट वेगळी असेल, तरच तो उपाय घ्या.

असे इशारे ‘नुसते इशारे’ म्हणून सोडू नका. ५.१५पासून वेरर हे चिन्ह आलं आणि कंपाइल_टेस्ट चालू असेल तर ते आपोआप वाय होतं. म्हणजे ऑलमॉडकॉन्फिगमध्ये (शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून चालू) प्रत्येक इशारा बिल्ड मोडतो. क्लँग आणि जीसीसी यांतही फरक आहे. .सी फाइलमधल्या न वापरलेल्या स्टॅटिक इनलाइन फंक्शनबद्दल जीसीसी गप्प बसतो, क्लँग मात्र मेकला डब्ल्यू= देऊन जादा इशारे मागितल्यावर बोलतो. एलएलव्हीएम=१ देऊन एकदा तरी बांधून बघा.

ट्रेसपॉइंटचे हेडर

ट्रेसपॉइंट म्हणजे कोडमध्ये आधीच पेरून ठेवलेली ट्रेसिंगची जागा. इथे कॉन्फिग आणि मॅक्रो एकमेकांत गुंततात. क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स हे एकाच सी फाइलमध्ये, आणि नेमकं त्या ट्रेस-हेडरच्या #इन्क्लूडच्या लगेच वर डिफाइन करा. फाइलच्या अगदी माथ्यावर टाकलं तर मधल्या एखाद्या हेडरने दुसरा ट्रेस-हेडर ओढला की त्याचेही ट्रेसपॉइंट इथे तयार होतात, आणि लिंकर मल्टिपल डेफिनिशन म्हणतो.

ती एकमेव फाइल कोणत्या चिन्हावर बांधली जाते ते बघा. ट्रेसपॉइंट तीन फाइल्समधून वापरला जातो आणि क्रिएट_ट्रेस_पॉइंट्स त्यांतल्या पर्यायी फाइलमध्ये आहे, अशी मांडणी असेल तर तो पर्याय बंद होताच ‘__ट्रेसपॉइंट_अमुक’ सापडत नाही. ते #डिफाइन नेहमी बांधल्या जाणाऱ्या फाइलमध्ये हलवा. मॉड्यूलमधून वापर असेल तर त्याच फाइलमध्ये एक्स्पोर्ट_ट्रेसपॉइंट_सिम्बल_जीपीएल() द्या.

‘अमुक.एच: नो सच फाइल’ आलं तर ट्रेस_इन्क्लूड_पाथ बघा. हा मार्ग तुमच्या फाइलपासून नव्हे, इन्क्लूड/ट्रेस/डिफाइन_ट्रेस.एचपासून मोजला जातो. मार्ग ‘.’ ठेवला असेल तर मेकफाइलमध्ये ‘सीफ्लॅग्स_अमुक.ओ := -आय$(एसआरसी)’ लागतं, तेही क्रिएट_ट्रेस_पॉइंट्सवाल्या फाइलसाठी.

-पीजी कुठे लागू नये

फंक्शन_ट्रेसर चालू झाला की जवळजवळ प्रत्येक फाइल सीसी_फ्लॅग्ज_एफट्रेस (-पीजीसारखे फ्लॅग, जे फंक्शनच्या सुरुवातीला ट्रेसरसाठी जागा करतात) घेऊन कंपाइल होते. व्हीडीएसओ, बूटचा डिकॉम्प्रेसर, पर्गेटरी हे तुकडे कर्नलशी लिंक होत नाहीत. त्यांच्यात हा फ्लॅग शिरला तर ‘__एफएन्ट्री__’ किंवा ‘एमकाउंट’ सापडत नाही. एकेका फाइलसाठी ‘सीफ्लॅग्स_रिमूव्ह_अमुक.ओ = $(सीसी_फ्लॅग्ज_एफट्रेस)’, आख्ख्या फोल्डरसाठी ‘सीसीफ्लॅग्स-रिमूव्ह-वाय’. ‘-पीजी’ हाताने लिहू नका. एक्स८६वर सोबत -एमएफएन्ट्री असतो, एआरएम६४वर वेगळाच -एफपॅचेबल-फंक्शन-एन्ट्री.

३२ बिटांचा भागाकार

वेळेचे आकडे यू६४ असतात. नॅनोसेकंदाचे मायक्रोसेकंद करायला सरळ ‘/’ वापरलं की ३२ बिटी एक्स८६वर ‘__यूडिव्हडीआय३’ आणि एआरएमवर ‘__एईएबीआय_यूएलडिव्हमॉड’ सापडत नाही. डू_डिव्ह() किंवा डिव्ह_यू६४() वापरा, भाजक ६४ बिटी असेल तर डिव्ह६४_यू६४(). डू_डिव्ह() पहिल्या आर्ग्युमेंटमध्येच भागाकार लिहितो आणि बाकी परत देतो, हे विसरू नका.

दुरुस्तीनंतर काय काय बांधायचं

ज्या कॉन्फिगमध्ये मोडलं तिच्यात चाललं, एवढं पुरेसं नाही. ट्रेसिंगच्या पॅचसाठी किमान या कॉन्फिग बांधा: ऑलनोकॉन्फिग (शक्य ते सगळं बंद), ऑलमॉडकॉन्फिग, आणि मधल्या काही. मधल्यांसाठी छोटी फाइल बनवा. उदाहरणार्थ मिनी.कॉन्फिगमध्ये दोनच ओळी:

कॉन्फिग_एफट्रेस=वाय
कॉन्फिग_एनेबल_डीफॉल्ट_ट्रेसर्स=वाय

आणि मग

केकॉन्फिग_ऑलकॉन्फिग=मिनी.कॉन्फिग मेक ओ=../बिल्ड-मिनी ऑलनोकॉन्फिग

याने ट्रेसिंग चालू पण जेनेरिक_ट्रेसर बंद अशी अवस्था मिळते, आणि बहुतेकांनी हीच कधी बांधून बघितलेली नसते. दुसरी फाइल फंक्शन_ट्रेसर चालू आणि फंक्शन_ग्राफ_ट्रेसर बंद अशी. तिसरी मॉड्यूल्स बंद, चौथी एसएमपी बंद. डायनॅमिक_एफट्रेस हाताने बंद करता येतो का हे आवृत्ती आणि आर्किटेक्चरवर ठरतं. येत असेल तर तीही.

पर्फ_इव्हेंट्स बंद करून एक्स८६वर तपासता येत नाही, कारण एक्स८६ त्याला कायमच सिलेक्ट करतं. एआरएम६४चा क्रॉस-कंपायलर लावा आणि आर्क=एआरएम६४ देऊन बांधा. ३२ बिटांसाठी एआरएम किंवा आर्क=आय३८६.

नुसतं ‘मेक कर्नल/ट्रेस/’ चालवून समाधान मानू नका. त्यात कंपायलरच्या चुका दिसतात, लिंकरच्या आणि मॉडपोस्टच्या नाहीत. व्हीएमलिनक्स आणि मॉड्यूल्स दोन्ही पूर्ण बांधा.

रात्री मशीन मोकळं असेल तर रँडकॉन्फिगच्या वीस-तीस फेऱ्या लावा. प्रत्येक फेरीत केकॉन्फिग_सीडचा आकडा छापला जातो, तो लॉगमध्ये ठेवा. तोच आकडा पुन्हा दिला की त्याच झाडावर तीच कॉन्फिग मिळते. केकॉन्फिग_ऑलकॉन्फिग इथेही चालतो, म्हणजे एफट्रेस=वाय पक्कं ठेवून बाकीचं यादृच्छिक करता येतं.

चूक कधी शिरली आणि पॅचमध्ये काय लिहायचं

गिट बायसेक्ट रन (चूक आणणारा कमिट आपोआप शोधणारी आज्ञा) वापरताना प्रत्येक पायरीवर मूळ .कॉन्फिग नव्याने कॉपी करा, मगच ओल्डडेफकॉन्फिग चालवा. आधीच्या पायरीची फाइल पुढे नेली तर जुन्या आवृत्तीत नसलेली चिन्हं गळून पडतात आणि परत येत नाहीत. मग बायसेक्ट भलत्याच कमिटवर बोट ठेवतो. ओल्डडेफकॉन्फिगनंतर कळीचं चिन्ह हव्या त्या स्थितीत नसेल तर स्क्रिप्टमधून १२५ हा कोड परत द्या, गिट ती पायरी वगळतो.

कमिटच्या मजकुरात मोडणारी जोडी अक्षरशः लिहा: कोणतं चिन्ह वाय, कोणतं एन, कोणतं आर्किटेक्चर. त्याखाली कंपायलरचा संदेश जसाच्या तसा, ओळी न मोडता. कुणीतरी तो संदेश शोधत येतं तेव्हा त्याला तुमचा कमिट सापडायला हवा. मग दोन वाक्यांत कारण: बोलावणारा कुठल्या अटीखाली, पुरवणारा कुठल्या. ‘बिल्ड एरर दुरुस्त केली’ एवढ्यावर तपासणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

‘फिक्सेस:’ टॅगमध्ये कमिटच्या आयडीची पहिली किमान १२ अक्षरं आणि कंसात अवतरणचिन्हांसह शीर्षक. रोबोटने कळवलं असेल तर ‘रिपोर्टेड-बाय:’ आणि लगेच खाली अहवालाच्या दुव्यासह ‘क्लोजेस:’. स्क्रिप्ट्स/गेट_मेन्टेनर.पीएल पॅचवर चालवून पत्ते घ्या. केकॉन्फिगमध्ये आर्किटेक्चरची अट बदलली असेल तर त्या आर्किटेक्चरच्या सांभाळणाऱ्यांनाही पाठवा, कारण ट्रेसिंगवाल्यांकडे ते मशीन असेलच असं नाही.